डांबराखाली काय दडले आहे?
ड्राइव्हवेचे काम कंत्राटदाराकडे सोपवण्यापूर्वी घ्यावयाची खबरदारी

न्यू जर्सीत हिवाळा सरला की घरासमोरच्या ड्राइव्हवेची दुरवस्था उघडी पडते. भेगांत शिरलेले पाणी गोठून प्रसरण पावते, वितळते आणि पुन्हा गोठते. या चक्रात डांबर उखडते, खडी मोकळी होते. नेमक्या याच दिवसांत दारावरची घंटा वाजते. ट्रक घेऊन आलेला एक अनोळखी माणूस सांगतो, ‘पलीकडच्या गल्लीत काम होते, डांबर उरले आहे. आजच हो म्हणालात तर निम्म्या पैशांत करून देतो.’ संध्याकाळपर्यंत अंगण काळेभोर, गुळगुळीत दिसू लागते. रोख रक्कम घेऊन तो निघून जातो आणि पुढच्या हिवाळ्यानंतर पुन्हा तीच खडी वर येते.

उरलेल्या सामानाचे आमिष दाखवणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ग्राहकांना दिलेला आहे. त्यामागचे कारण या धंद्याच्या रीतीतच आहे. गरम डांबरमिश्रण प्रकल्पातून निघते तेव्हा त्याचे तापमान सुमारे १५० अंश सेल्सिअस असते. ते ८० अंशांच्या आसपास उतरले की रोलर फिरवूनही थर नीट दाबला जात नाही. त्यामुळे जाणता कंत्राटदार जागेचे मोजमाप करून तेवढेच मिश्रण टनाच्या हिशेबाने मागवतो. थोडेफार उरू शकते, पण संपूर्ण ड्राइव्हवे होईल एवढे सहसा उरत नाही.

नोंदणी आणि विमा

न्यू जर्सीत ड्राइव्हवेचे काम कायद्याने ‘गृहसुधारणा’ या वर्गात मोडते. असे काम करणाऱ्या व्यवसायाची राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे नोंद असावी लागते. गृहसुधारणा कंत्राटदारांचे नोंदणी क्रमांक ‘१३व्हीएच’ या अक्षरांनी सुरू होतात आणि ते विभागाच्या संकेतस्थळावर पडताळता येतात. क्रमांकासमोरचे नाव, करारावरचे नाव आणि धनादेश ज्याच्या नावे मागितला जातो ते नाव, ही तिन्ही जुळली पाहिजेत. विम्याचे प्रमाणपत्र केवळ पाहून थांबू नये. त्यावरील विमा कंपनीला दूरध्वनी करून ते चालू आहे की नाही, हे विचारावे.

मात्र नोंदणी म्हणजे कौशल्याची हमी नव्हे. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावरील शिफारसही बहुधा नुकत्याच झालेल्या कामाबद्दल असते आणि नवे डांबर सगळेच चांगले दिसते. तीन-चार हिवाळे काढलेल्या कामांचे पत्ते मागून ती प्रत्यक्ष पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

करारात काय असावे

५०० डॉलरहून अधिक किमतीच्या गृहसुधारणेचा करार न्यू जर्सीत लेखी असणे बंधनकारक आहे. त्यात कंत्राटदाराचे नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, एकूण किंमत, कामाचा तपशील आणि कामाच्या आरंभ-समाप्तीच्या तारखा असाव्या लागतात. कराराची प्रत हाती आल्यापासून तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत ग्राहकाला तो रद्द करता येतो. ‘आजच करून टाकू’ हा आग्रह धोक्याचा ठरतो तो यामुळेच. ट्रक रिकामा झाल्यावर या हक्काचा व्यवहारात फारसा उपयोग उरत नाही.

‘ड्राइव्हवे नवीन करणे’ एवढ्या एका ओळीवर सही करू नये. जुने डांबर उखडणार की त्यावरच नवा थर चढवणार, हे आधी स्पष्ट व्हावे. खाली खचलेला पाया असेल तर नवा थरही त्याच जागी तडकतो. मोटारींच्या वापरासाठी साधारणपणे ६ ते ८ इंच दाबलेल्या खडीचा पाया आणि त्यावर दाबून २ ते ३ इंच डांबर अपेक्षित असते. येथे ‘दाबून’ हा शब्द करारात असलाच पाहिजे. सैल पसरलेला ३ इंचांचा थर रोलरखाली सव्वादोन इंचांच्या आसपास येतो. पाण्याचा उतार गॅरेजपासून दूर, दर फुटामागे सुमारे पाव इंच असावा.

ड्राइव्हवे रुंद करायचा असल्यास किंवा रस्त्यालगतच्या भागाला हात लावायचा असल्यास अनेक टाउनशिपची परवानगी लागते. ती कोणी काढायची, हेही लिहून घ्यावे. खोदकाम असेल तर त्यापूर्वी किमान ३ कामकाजाचे दिवस आधी ८११ या क्रमांकावर कळवावे लागते, म्हणजे जमिनीखालील गॅस व विजेच्या वाहिन्यांची जागा आखून मिळते.

जाडी पडताळण्याचा सोपा हिशेब

काम झाल्यावर जाडी वरून दिसत नाही, परंतु मिश्रणाचे वजन लपत नाही. दाबलेल्या डांबरमिश्रणाचे वजन घनफुटाला साधारण १४५ पौंड असते. ६०० चौरस फुटांच्या ड्राइव्हवेवर २ इंच थरासाठी सुमारे सव्वासात टन, तर ३ इंचांसाठी जवळजवळ ११ टन मिश्रण लागते. प्रकल्पातून निघणाऱ्या प्रत्येक ट्रकसोबत वजनाची पावती असते. त्या पावत्यांच्या प्रती देण्याची अट करारात घालावी. प्रामाणिक कंत्राटदाराला ती जाचक वाटण्याचे कारण नाही. खडीचा पाया दाबून झाल्यावर आणि डांबर पडण्यापूर्वी घरमालकाने तो स्वतः पाहावा. त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा घ्यावी लागली तरी ती सत्कारणी लागते.

पैसे केव्हा द्यावेत

सर्व रक्कम आगाऊ देऊ नये आणि रोखीने तर मुळीच देऊ नये. याबाबतचे नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात अशा कामासाठी आगाऊ रक्कम १,००० डॉलर किंवा एकूण किमतीच्या १० टक्के, यांपैकी जी कमी असेल तेवढीच घेता येते. न्यू जर्सीत काम पूर्ण होण्याआधी अंतिम हप्ता मागण्यास मनाई आहे. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी पुरवठादाराचे पैसे चुकते झाल्याची पावती घ्यावी, कारण त्याची थकबाकी राहिल्यास घरावर दावा नोंदवला जाण्याची शक्यता असते.

फसवणूक झाल्यास संकोच न बाळगता ग्राहक व्यवहार विभागाकडे तक्रार करावी. तेव्हा लेखी करार, पावत्या आणि काम सुरू असतानाची छायाचित्रे हाच घरमालकाचा आधार असतो. डांबर एकदा पडले की खालचे सारे झाकले जाते. त्याआधीचे प्रश्न विचारायला मात्र एक पैसाही लागत नाही.