सूर कोण धरणार?

आमचं केडगाव म्हणजे रेणुकामातेचं. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते. पण बाकीचं वर्षभर दर शुक्रवारी संध्याकाळी पाचला आमचं महिला भजनी मंडळ जमतं. अठरा वर्षांपूर्वी एका काकूंनी आपल्या ओट्यावर चौघीजणींना बसवून ते सुरू केलं. पेटी त्यांची, चाली त्यांच्या, सतरंजीही त्यांचीच! आज आम्ही एकोणीस जणी आहोत. गावात कुणी मंडळाचं नाव घेत नाही, ‘काकूंचं भजन’ असंच म्हणतात.

संक्रांतीनंतर काकू पुण्याला मुलाकडे कायमच्या राहायला गेल्या. जाताना पेटी आमच्याकडे ठेवून गेल्या.

पहिल्या शुक्रवारी सगळ्या जमलो, पण पेटीचं झाकण कुणी उघडेना. ‘करा ना गं सुरू कुणीतरी,’ असं एकमेकींना म्हणत चहा झाला आणि आम्ही उठलो. तिसऱ्या शुक्रवारी आलो फक्त सात जणी. जाताना एक तरुण सून माझ्याजवळ हळूच म्हणाली, ‘ताई, मला घरातून फक्त भजनाला सोडतात. हे बंद पडलं तर मी काय सांगून बाहेर पडू?’

खरं सांगू? त्या रात्री मला झोप लागली नाही. भजन म्हणजे नुसतं भजन नसतं, हे आपण बायकाच जाणतो.

माझा मुलगा गिटार वाजवतो. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, ‘आई, अगं हे तर पिंक फ्लॉइडचं झालं!’ मग त्याने मला लंडनच्या त्या बॅण्डची कथाच सांगितली. हे लोक ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ वाजवायचे. आपल्याकडे ख्याल सावकाश रंगत जातो ना, तसं त्यांचं एकेक गाणं वीस-वीस मिनिटं चालतं. बॅण्ड १९६५चा. सिड बॅरेट नावाच्या मुलाने त्याला नाव दिलं. पहिल्या, १९६७च्या ध्वनिमुद्रिकेतली बहुतेक गाणीही त्याचीच. पण त्याचं मन बिघडत गेलं. अमली पदार्थांचीही भर पडली. भर कार्यक्रमात तो वाजवायचाच थांबे. १९६८च्या जानेवारीत एका कार्यक्रमाला निघताना बाकीच्यांनी ठरवलं, आज त्याला घ्यायला जायचंच नाही. संपलं!

डेव्हिड गिलमोर त्याच्या जागी आला, पण हे लोक दुसरा सिड शोधत बसले नाहीत. शब्द लिहायचं काम हळूहळू रॉजर वॉटर्सकडे गेलं, गाण्यांचा तोंडवळाच बदलला आणि १९७३च्या ध्वनिमुद्रिकेने त्यांना जगभर नेलं. १९७५ साली ते सिडवरच्याच गाण्याचं काम करत होते. तेव्हा एक लठ्ठ, भुवयाही काढलेला माणूस स्टुडिओत येऊन बसला. तो सिड होता आणि त्याच्या मित्रांनी त्याला आधी ओळखलंच नाही. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

पुढे १९८५ मध्ये वॉटर्सही बाहेर पडला. आपल्यामागे बॅण्ड संपेल असं त्याला वाटलं होतं. बाकीचे थांबले नाहीत, तेव्हा नावावरून कज्जा झाला आणि १९८७ मध्ये तडजोड झाली.

मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं. मुलाचं बोलणं ऐकताना मला आपल्या संगीत नाटक मंडळ्या आठवल्या. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, तेव्हा ‘रामराज्यवियोग’ अपुरं राहिलं होतं. तरी मंडळी टिकली, कारण भाऊराव कोल्हटकरांचा गळा होता आणि गोविंद बल्लाळ देवलांची लेखणी होती. १८९९ मध्ये तिथेच ‘शारदा’ आलं. पण १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. मागच्या मंडळीची पहिली झळाळी ओसरली.

केशवराव भोसले यांनी १९०८ मध्ये हुबळीत ‘ललितकलादर्श’ काढली आणि १९२१ मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्यासारखा आवाज कुठून आणणार? कंपनीतल्याच बापूराव पेंढारकरांनी धुरा घेतली. दुसऱ्याच वर्षी मामा वरेरकरांचं ‘सत्तेचे गुलाम’ आलं. रंगवलेल्या पडद्यांऐवजी रंगभूमीवर खरी वाटणारी खोली उभी राहिली. पुढे बापूरावांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनीही कंपनी चालवली आणि १९५७ मध्ये ‘दुरितांचे तिमिर जावो’ रंगभूमीवर आणलं.

मला एवढंच कळलं, की गेलेल्या माणसाची नक्कल शोधली की मंडळ रडत राहतं. आपल्यातच कोण काय करू शकतं, हे शोधलं तर ते चालतं. मात्र ते पहिल्यासारखं राहत नाही, हेही मान्य करायला हवं.

पुढच्या शुक्रवारी मी विचारलं, ‘कुणाला पेटी येते का गं?’ त्या तरुण सुनेने हात वर केला! माहेरी शिकली होती. इतक्या वर्षांत आम्ही तिला विचारलंच नव्हतं. तिने पट्टी विचारली, तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली. काकूंची काळी दोन आमच्यातल्या बऱ्याच जणींना खालची पडायची. सगळ्या निमूट ओढून गात होत्या. आता आम्ही काळी चारमध्ये गातो. आवाज मोकळा लागतो, पण काकूंच्या खर्जाचा तो भारदस्तपणा गेला, तो गेलाच.

भीतभीतच मी काकूंना फोन करून हे सांगितलं. वाटलं, रागावतील. त्या हसून म्हणाल्या, ‘अगं, काळी दोन माझ्या गळ्याला होती. तुमचा गळा तुम्ही बघा. फक्त माझ्या जुन्या चाली विसरू नका.’ आता दर रविवारी त्या फोनवर एक चाल म्हणतात आणि आम्ही ती टिपून ठेवतो.

मैत्रिणींनो, तुमच्याही भजनी मंडळात, बचत गटात अशा एखाद्या काकू असतील. त्या आहेत तोवरच त्यांच्या चाली शिकून घ्या. आणि मागे कोपऱ्यात गप्प बसणाऱ्या सुनेला एकदा तरी विचारा, ‘तुला काय येतं गं?’