चटक चांदणीची खाज

पहाटे मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचे ट्रक रिकामे होत असतात, फूलबाजारात झेंडू-शेवंतीचे ढीग लागलेले असतात. तिथून गंगाधामच्या बाजूला फिरायला निघालेल्यांना पावसाळ्यात रिकाम्या प्लॉटांवर पांढऱ्या फुलांचा गालिचा दिसतो. लांबून पाहिले तर पुष्पगुच्छातल्या जिप्सोफिलासारखा. जवळ गेल्यावर गाजरासारखी पाने ओळखू येतात. हेच गाजरगवत, अर्थात काँग्रेस गवत. गावाकडे त्याला चटक चांदणी असे गोड नावही आहे.

पुण्याशी त्याचे नाते जुने. भारतात त्याच्याकडे लक्ष गेले ते 1955 च्या सुमारास, पुण्यातल्याच उकिरड्यांवर. ‘पीएल-480’च्या अमेरिकन गव्हातून ते आले, असे सर्रास सांगतात. पण भारताचा तो करार ऑगस्ट 1956 चा. परदेशी धान्य आधीही येत होते, ही गोष्ट वेगळी.

या गवतातले पार्थेनिन हे द्रव्य त्वचेला सतावते. सुरुवातीला बहुधा काहीच होत नाही. महिनोन्‌महिने संपर्क येत राहतो आणि मग एके दिवशी पापण्या, मान, कोपराच्या खोबणी लाल होऊन खाजू लागतात. गवताला हात लावायलाच हवा असे नाही. वाळलेल्या झाडाची धूळ वाऱ्यावरून येते. पुष्कळजण ऊन बाधले असे समजतात. पण उन्हाचा त्रास सहसा वरच्या पापण्या, कानामागची आणि हनुवटीखालची जागा सोडून देतो. धूळ तिथेही पोचते. आरशात एवढे तरी पाहावे. खात्रीसाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्ट करतात. दुकानातून स्वतःच आणलेली खाजेची मलमे मात्र टाळावीत. त्यांत बहुधा स्टेरॉइड असते आणि चेहऱ्याची कातडी पातळ होते.

शेवंती याच कुळातली. त्यामुळे गवताची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना हार ओवतानाही त्रास होतो.

पानांवर तपकिरी रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर मारू नयेत. ते मेक्सिकोचे, 1984 मध्ये बंगळुरूला मुद्दाम सोडलेले. गवताचा फडशा पाडतात, पण पावसाळ्यापुरताच.

उपटायचे तर फुलण्याआधी, ओल्या मातीतून, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून. अंगावर आधीच पुरळ असलेल्यांनी या श्रमदानात उतरू नये.