ट्रॅक्टरचे नवे वायरिंग : कारागिरांनो, मीटर हाती घ्या

आम्ही कापडाचे व्यापारी. ट्रॅक्टरच्या वायरिंगशी आमचा संबंध काय, असे वाचक विचारतील. देऊळगाव राजाच्या बाजारात आमचे गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी. सोयाबीन, कपाशी घरात आली की आमची उधारी वसूल होते. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर उभा राहिला, तर पुढे आमचा गल्लाही थांबतो.

गेल्या पेरणीला आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा ट्रॅक्टर सुरू होईना. एका कारागिराने “ईसीएम गेला” असे सांगितले. नव्या ईसीएमची किंमत ऐकून बिचाऱ्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या कारागिराने मीटर लावून पाहिले. बॅटरीची अर्थ वायर चॅसिसला जोडली होती, त्या बोल्टखाली गंज निघाला. घासून, आवळून ट्रॅक्टर सुरू झाला. हुनर दोघांकडे होते, माहिती एकाकडेच होती.

ईसीएम म्हणजे इंजिनाला डिझेल केव्हा व किती द्यायचे हे ठरवणारा छोटा संगणक. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे ट्रेम-४ नियम लागू झाले आणि मोठ्या ट्रॅक्टरांत हा डबा दिसू लागला.

या डब्याला तीन गोष्टी नीट मिळाव्या लागतात : फ्यूजमधून थेट बॅटरीचा प्लस, चावी फिरवल्यावर येणारा प्लस आणि पक्की अर्थ. जोडात अवघा ०.१ ओहम अडथळा असला आणि त्यातून १० अँपिअर करंट गेला, तर १ व्होल्ट तिथेच खर्च होतो. सेल्फ मारताना बॅटरी आधीच खाली येते. त्यात हा व्होल्ट गेला की डबा बंद पडतो. नुसत्या उभ्या ट्रॅक्टरवर मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो आणि कारागीर फसतो. म्हणून सेल्फ फिरत असताना ईसीएमची अर्थ आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये मीटर लावावा. आकडा शून्याजवळ असला पाहिजे.

दुसरी बाब संदेशाच्या वायरींची. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेल्या ‘कॅन’ पद्धतीत दोन वायरींवरून सगळे डबे एकमेकांशी बोलतात. या वायरींना पीळ असतो. सुताला पीळ मजबुतीसाठी देतात, हे आम्ही कापडवाले जाणतो. इथे पिळाचे काम वेगळे आहे. बाहेरचा विजेचा गोंधळ दोन्ही वायरींवर सारखाच पडतो. डबा त्या दोहोंतील फरक तेवढा वाचतो, म्हणून संदेश शाबूत राहतो. तुटलेली वायर जोडताना पीळ कायम ठेवावा.

या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. बॅटरी काढून दोन वायरींमध्ये मोजल्यास सुमारे ६० ओहम यावेत. १२० आले तर एक टोक तुटले आहे. शून्याजवळ आले तर वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत.

चार चुका टाळाव्यात. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तार घालू नये. संदेशाच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावू नये. टेप किंवा जादा दिव्यांसाठी ईसीएमच्या वायरीतून कनेक्शन घेऊ नये. वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि ईसीएमचे सॉकेट काढून ठेवावे. वेल्डिंगवाल्या बांधवांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्रांचे प्रशिक्षण देणारी संस्था १९५५ पासून आहे. उस्तादांनी होतकरू शागीर्दाला अशा ठिकाणी शिकायला पाठवावे. तपासणीची मजुरी वेगळी घ्यावी आणि गिऱ्हाइकाला मीटरचा आकडा दाखवावा. नाहक डबा बदलायला लावणारा कारागीर एकदाच कमावतो. बोल्ट घासून ट्रॅक्टर सुरू करणाऱ्याकडे सारे गाव येते.