हायड्रॉलिक म्हणजे काय?

मुरुमाने भरलेली ट्रॉली गावात येते. ड्रायव्हर खाली उतरत नाही. बसल्या जागी एक दांडी ओढतो. ट्रॉलीची पुढची बाजू हळूहळू वर उचलली जाते आणि सगळा मुरूम खाली घसरतो. पूर्वी याच कामाला चार माणसं फावडी घेऊन लागत.

लोक म्हणतात, "ट्रॉली हायड्रॉलिकची आहे." हा शब्द आपण नेहमी ऐकतो. पण त्याचा अर्थ काय? चला, आज समजून घेऊ या.

हा शब्द मूळचा ग्रीक भाषेतला. त्या भाषेत 'हुडोर' म्हणजे पाणी आणि 'आउलोस' म्हणजे नळी. कोंडलेल्या पाण्याच्या जोरावर जे चालते, ते हायड्रॉलिक. आता पाण्याऐवजी बहुधा तेल वापरतात. पाण्याने लोखंड गंजते. तेलाने ते गंजत नाही, आणि आतले भाग झिजतही कमी. नाव मात्र जुनेच राहिले.

पाण्यात एवढा जोर कुठून येतो? घरी करून पाहा. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करा आणि दांडा दाबा. दांडा थोडा खाली जातो, सोडला की वर येतो. कारण आतली हवा दबते. आता रंगाची पिचकारी पाण्याने पुरती भरा. आत हवा राहू देऊ नका. तोंड घट्ट बंद करून दाबा. दांडा जागचा हलत नाही! पाणी हवेसारखे दबत नाही. त्याच्यावर दिलेला दाब ते पुढे पोचवते.

फ्रान्स देशात ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. कोंडलेल्या पाण्यावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा नियम त्यांनी मांडला.

या नियमाची गंमत पाहा. दोन नळकांडी आहेत. एकाचे तोंड १ चौरस इंच, दुसऱ्याचे १० चौरस इंच. दोन्ही नळीने जोडली, तेलाने भरली आणि प्रत्येकात एक दट्ट्या बसवला. लहान दट्ट्यावर १० किलोचा भार दिला, तर मोठा दट्ट्या १०० किलोचे पोते तोलून धरतो. कारण दर इंचावर दाब सारखाच, आणि मोठ्याचे इंच दहापट!

मग हा जोर फुकट मिळाला का? नाही. लहान दट्ट्या १० इंच खाली जाईल, तेव्हा मोठा १ इंच वर येईल. म्हणून तर ट्रकखालच्या जॅकचा दांडा कितीतरी वेळा वरखाली करावा लागतो.

१७९५ साली इंग्लंडातले कुलुपे करणारे कारागीर जोसेफ ब्रामा यांनी या नियमावर चालणारे दाबयंत्र काढले. कापसाच्या गाठी दाबायला अशीच यंत्रे लागतात. मोटारीचा ब्रेक, जेसीबीचा हात, ट्रॅक्टरची ट्रॉली, सगळ्यांत हीच युक्ती. ट्रॅक्टरमध्ये इंजिनावर चालणारा पंप नळीतून तेल ढकलतो. ते दट्ट्या वर लोटते आणि ट्रॉली उचलली जाते.

आता सर्वांत महत्त्वाचे. उचललेली ट्रॉली कोंडलेल्या तेलावर उभी असते. नळी फुटली तर तेल निघून जाते आणि ट्रॉली धाडकन खाली येते. पळायला वेळ मिळत नाही. म्हणून भक्कम लोखंडी टेकू लावल्याशिवाय तिच्याखाली कधीही जाऊ नका. मुलांना जवळ फिरकू देऊ नका.

नळी कुठे गळते, हे बोटाने चाचपू नका. बारीक छिद्रातून येणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण हात गमवायची पाळी येते. आधी इंजिन बंद करा, ट्रॉली खाली उतरवा, मगच मिस्त्रीला बोलवा. तेल आत शिरलेच, तर दुखो न दुखो, ताबडतोब मोठा दवाखाना गाठा.

यंत्र आपला भार उचलते. आपला जीव सांभाळायचा, तो आपणच!