लोकरीचे लेणे

ज्या मुलखात वैशाखाच्या दुपारी पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास ठाण मांडून बसतो आणि जेथे स्वेटर पेटीतून बाहेर निघतो तो पौषातल्या मोजक्या पहाटांपुरताच, त्या यवतमाळ जिल्ह्यात लोकरीचा गुंडा आणि क्रोशाची सुई घरोघर का नांदावी, हा प्रश्न परमुलखातील पाहुण्यास पडला तर त्यात नवल नाही. मला त्याचे उत्तर 1984 साली, दारव्ह्यास आत्याच्या लग्नातील रुखवतात मिळाले. आमच्याकडे लोकर अंगाला सोसवत नाही, म्हणून ती वस्तूंच्या वाट्याला आली.

त्या रुखवताची मांडणी अजून डोळ्यांपुढे आहे. अनारसे आणि चिरोट्यांची ताटे पुढे होती, आणि त्यांच्या मागे, पांढऱ्या चादरीने झाकलेल्या बाकावर, घरातील सगळ्या टाकाऊ वस्तू नवे वस्त्र लेवून बसल्या होत्या. जुन्या बांगड्यांना लाल-पिवळी लोकर गुंडाळून, एकीत एक अडकवून केलेले झुंबर होते. पावडरच्या रिकाम्या डब्याची फुलदाणी झाली होती. गेलेल्या बल्बवर हिरवे टाके चढून त्याचा पोपट झाला होता. आणि या सर्वांच्या मधोमध एका बाटलीवर विणलेले पांढरे कुत्रे होते, ज्याचे कान म्हणजे दोन टपोरे गोंडे, ज्याची जीभ म्हणजे तांबड्या लोकरीची पाच टाक्यांची साखळी, आणि ज्याचे डोके बाटलीच्या बुचावर टोपीसारखे बसवलेले असल्यामुळे मुले ते पुन्हापुन्हा उपटून काढीत व आत्या ते पुन्हापुन्हा निमूटपणे बसवी. या कामाला त्या काळी कोणी शिल्प म्हटले नाही. शिल्प म्हणजे दगड, धातू किंवा लाकूड, ही आपली जुनी समजूत. परंतु पोकळीला आकार देणे हेच जर शिल्पकाराचे कर्म असेल, तर आत्याचे कुत्रे त्या पंक्तीत बसते, असे माझे पूर्वीपासूनचे मत आहे.

या आकारामागील गणित विलक्षण आहे आणि ते बायका पाढ्यांसारखे तोंडी सांगतात. आरंभीच्या वेढ्यात सहा मुके खांब घालावेत, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात अठरा. प्रत्येक फेरीस सहा टाके वाढत गेले की चकती सपाट राहते. वाढ थांबवली की काठ वर उभा राहतो आणि चकतीची वाटी होते. टाके कमी करू लागले की वाटीचे तोंड आवळत जाते. बाटलीचा तळ, पोट, खांदा आणि गळा ही सारी उतरंड एवढ्या तीन क्रियांनी साधते. पण उत्साहाच्या भरात प्रत्येक टाक्यात दोन-दोन टाके घालीत गेले, तर चकती सपाटही राहत नाही आणि तिची वाटीही होत नाही. ती झालरीसारखी दुमडते. नवशिक्या मुलीची ही ठरलेली चूक. हीच झालर 1997 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डायना टाइमिना या गणितज्ञ स्त्रीने हेतुपुरस्सर विणली, कारण अपास्तीय (हायपरबोलिक) भूमितीचे जे पृष्ठ विद्यार्थ्यांना कागदावर नीट दाखवता येत नव्हते, ते सुईवर सहज उतरत होते. पुढे 2005 मध्ये मार्गारेट व क्रिस्टीन वर्थाइम या जुळ्या बहिणींनी लॉस एंजेलिस येथे याच टाक्यातून विणलेल्या प्रवाळबेटाचा उपक्रम आरंभला. त्यात लोकरीबरोबर प्लास्टिकच्या पिशव्यांच्या पट्ट्याही विणल्या गेल्या, आणि देशोदेशींच्या हजारो स्त्रियांचे हात त्याला लागले.

क्रोशाचा प्रसार झाला त्यामागे दारिद्र्याचाही हात आहे, हे विसरून चालत नाही. 1845 नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा अनेक कुटुंबांना या सुईने चार पैसे मिळवून दिले. आपल्याकडे आंध्रातील नरसापूर परिसरात मिशनऱ्यांनी हे काम रुजवले व तेथील स्त्रियांनी ते उपजीविकेचे साधन केले.

आमच्या जिल्ह्याची मिळकत कापसाची. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत जी अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाली, जिला लोक प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणतात, ती मुख्यतः कापसाच्या गाठी वाहण्यासाठीच. मात्र रुखवताची लोकर या कापसाची नव्हे, आणि बहुधा मेंढीचीही नव्हे. बाजारात ‘लोकर’ या नावाने जी भडक रंगांची लडी मिळते ती ॲक्रिलिकची, म्हणजे खनिज तेलापासून झालेल्या धाग्याची. तिचा रंग पक्का आणि किंमत बेताची, हे मान्य. तरीही ज्यांच्या शेतात बोंडे फुटतात त्यांच्या मुलींच्या सुईवर सुती धागा चढावा, असे मला मनापासून वाटते. सुती टाका उठून दिसतो, वस्तूचा आकार नेमका धरतो आणि उन्हाळ्यात हाताला चिकटत नाही.

आणि बायकांच्याच हातून वस्तूंचा हा शृंगार होतो, असेही नाही. पिठोरी अमावास्येस, पोळ्याच्या दिवशी, वणीपासून उमरखेडपर्यंत कुणाही शेतकऱ्याच्या दारात उभे राहावे. आदल्या दिवशी खांदमळणीत तूप-हळदीने खांदे चोळून घेतलेला बैल, शिंगांना बेगड, कपाळावर रंगीत गोंड्यांची मटाटी, पाठीवर झूल, नवी वेसण आणि नवा कासरा अशा थाटात, तोरणाखाली जाण्यासाठी सिद्ध असतो. येथे क्रोशाची सुई नसते. असतात बोटांनी वळलेले, गाठलेले आणि विंचरलेले सुताचे व लोकरीचे गोंडे. दुसऱ्या दिवशी, नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून विदर्भात साजऱ्या होणाऱ्या तान्ह्या पोळ्यास, मुले आपापल्या लाकडी बैलांना तसेच सजवून घरोघर फिरवतात.

न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटजवळ आर्तुरो दि मोदिका याने 1989 साली परवानगीवाचून आणून ठेवलेला, सुमारे 3,200 किलो वजनाचा ब्राँझचा बैल आहे. डिसेंबर 2010 मध्ये पोलंडमध्ये जन्मलेल्या ओलेक या कलावतीने त्याला शिंगांपासून शेपटीपर्यंत गुलाबी-जांभळ्या क्रोशाचे अंगरखे चढवले; काही तासांतच ते उतरवण्यात आले. वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे पाहिली तेव्हा मला पहिल्या प्रथम आठवली ती आमच्या गड्याने ओसरीवर बसून, दातांत सुतळी धरून विणलेली मटाटी. ओलेकचा बैल संपत्तीचे प्रतीक होता. आमच्या बैलाने मात्र वर्षभर नांगर ओढलेला असतो आणि हे वस्त्र त्या कष्टांचा मान म्हणून त्याच्या अंगावर चढते. हा मान मला अधिक मोलाचा वाटतो.

तोच मान पुसद-दिग्रसकडील बंजारा तांड्यांत इंढोणीला मिळतो. इंढोणी म्हणजे डोक्यावर घागर टेकवण्याची चुंबळ, घरातील सर्वांत दबलेली वस्तू. पण बंजारा स्त्री तिला रंगीत सुताने मढवते, काठाला कवड्या लावते आणि मागे पाठीवर रुळेल असे भरतकामाचे कापड जोडते. एके काळी बैलांच्या तांड्यांतून धान्य आणि मीठ वाहणाऱ्या या समाजाने जी कवडी नाणे म्हणून मोजली, तीच लेकीसुनांच्या चुंबळीवर अलंकार होऊन बसली. एकेकाळच्या घोरपड्यांच्या संस्थानातील, आज कर्नाटकात असलेल्या संडूरच्या लमाणी, म्हणजे बंजारा, भरतकामास भौगोलिक मानांकनाची सनद मिळाली आहे. आमच्या जिल्ह्यातील तांड्यांत आणि वाड्यांत या कामाचे जे जुने नमुने पेटाऱ्यांत पडून आहेत, त्यांची घरोघर जाऊन फेहरिस्त व्हावी, कोणत्या हाताने केव्हा विणले याची दप्तरी नोंद राहावी. कारण रुखवत आता पुष्कळदा भाड्याने येते आणि संध्याकाळी परत जाते.

गेल्या दिवाळीत आत्याचे कुत्रे माझ्याकडे आले. कानाचा गोंडा सुटला होता आणि पोटाशी एक टाका उसवून भोक पडले होते. पुतणी म्हणाली, तळापासून फेऱ्या मोजल्या तर पुन्हा तसेच विणता येईल. म्हणून आम्ही आवरण हलकेच वर सरकवले. आत औषधाची बाटली होती, आणि तिच्या काचेवर कंपाउंडरने कातरीने खाचा पाडून चिकटवलेली डोसांची कागदी पट्टी, सहा खुणांची, जशीच्या तशी होती. माझी आजी त्या लग्नापूर्वी दोन वर्षे अंथरुणाला खिळून होती. पुतणीने उसवलेला टाका पुन्हा ओवून घेतला, गाठ मारली, आणि आम्ही ती पट्टी न काढता कुत्रे पुन्हा बाटलीवर चढवले.