गोधडीची नक्षी कुठे हरवते?

घरात एखादी जुनी, ठिगळांची गोधडी असेल तर ती दोरीवर वाळत घाला आणि दहा पावलं मागे जाऊन पाहा. हातात असताना तिच्यात लाल, हिरवा, निळा, जांभळा असे कितीतरी रंग दिसत होते. दुरून मात्र काही चौकोन ठळक उठून दिसतात आणि काही एकमेकांत मिसळून जातात. गंमत अशी की, मिसळून जाणारे तुकडे एका रंगाचे असतातच असं नाही. कुणाच्या तरी लाल लुगड्याचा तुकडा आणि त्याला लागून शिवलेला हिरवा खण हे जवळून अगदी वेगळे, पण दुरून त्यांच्यातली रेघच सापडत नाही. आता मोबाइलवर या गोधडीचा फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. कोडं तिथंच सुटतं. तो लाल आणि तो हिरवा, दोन्ही एकाच करड्या रंगाचे झालेले असतात.

प्रत्येक रंगाला नावाखेरीज आणखी एक गुण असतो. तो किती उजळ किंवा किती गडद आहे, हा तो गुण. चित्रकार याला टोन म्हणतात, क्विल्ट शिवणारे व्हॅल्यू म्हणतात. हळदीसारखा पिवळा कितीही भडक केला तरी तो उजळच राहतो. निळा-जांभळा कितीही तेजस्वी असला तरी गडद बाजूलाच झुकतो. म्हणून पिवळ्या-जांभळ्याची जोडी रस्त्याच्या पलीकडूनही कळते आणि लाल-हिरव्याची अनेकदा कळत नाही. कापड निवडताना आपण नावाकडे बघतो, नक्षी मात्र गडद-फिक्यावर उभी राहते. अमेरिकेतला ‘लॉग कॅबिन’ हा जुना क्विल्ट प्रकार तर सगळा याच हिशेबावर चालतो. मध्ये एक छोटा चौकोन, त्याच्याभोवती पट्ट्या. दोन बाजूंच्या पट्ट्या फिक्या आणि उरलेल्या दोन बाजूंच्या गडद. त्यात रंग कोणते वापरले याला फार महत्त्व नाही. हेच चौकोन नुसते फिरवून मांडले की कधी शंकरपाळ्यांसारखी, कधी नागमोडी नक्षी तयार होते. फिकं आणि गडद यांची गल्लत झाली की मात्र उरतात नुसत्या चिंध्या.

याचं कारण डोळ्यांत आणि मेंदूत आहे. डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या शंकू पेशी सुमारे ६० लाख, तर अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या दंड पेशी सुमारे १२ कोटी असतात. दंड पेशींना रंगांतला फरक कळत नाही, त्या फक्त उजेड मोजतात. शंकू पेशी तीन प्रकारच्या. पण एखादी गोष्ट किती उजळ आहे हे ठरवताना त्यांतल्या निळ्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशींचा वाटा नगण्य असतो. पुढे मेंदूतही कामाची वाटणी आहे. हार्वर्डच्या मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंग्स्टन यांनी चित्रकलेच्या अंगानं हा विषय सविस्तर मांडला आहे. वस्तू कुठं आहे, किती खोल आहे, हलते आहे की स्थिर आहे, हे ठरवणारा मेंदूचा भाग जवळजवळ रंगांधळा असतो. तो फक्त उजळ-गडदाच्या फरकावर काम करतो. दोन रंगांचा उजळपणा सारखा असेल तर रंग कळतात, पण त्यांच्यातली कड जागेवर बसत नाही, लुकलुकल्यासारखी वाटते.

शिवाय डोळा उजेड सुटा मोजत नाही, शेजाऱ्याच्या तुलनेत मोजतो. हे लक्षात आलं तेही विणकामामुळेच. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात भिंतीवर लावायचे चित्रपट विणले जात. रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल १८२४ मध्ये तिथल्या रंगाई विभागाचे प्रमुख झाले. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी वापरलेली काळी लोकर फिकट दिसते, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी ती लोकर दुसरीकडच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगाईत काही खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे काळ्याचं तेज उतरत होतं. यावर त्यांनी १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. (ते स्वतः १०२ वर्षं जगले आणि उतारवयात वार्धक्याचा अभ्यासही करत होते.)

वार्धक्याचा उल्लेख आलाच आहे, तर इथं आरोग्याचा प्रश्न सुरू होतो. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, बाहुली लहान राहते. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोचतो. मोतीबिंदू असेल तर आत शिरलेला प्रकाश विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर धुकं पसरल्यासारखं होतं. अक्षरं वाचता येतात, पण जवळजवळ सारख्या छटांमधला फरक कळेनासा होतो. दवाखान्यातला नेहमीचा तक्ता डच नेत्रतज्ज्ञ स्नेलन यांनी १८६२ मध्ये आणला. त्यावर पांढऱ्यावर काळी अक्षरं असतात, म्हणजे फरक सर्वांत जास्त. तो नीट वाचून ‘नजर चांगली आहे’ असं ऐकून घरी आलेले आजोबा संध्याकाळी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अडखळतात, यात आश्चर्य काहीच नाही. घरातले म्हणतात, लक्ष नसतं हल्ली. लक्ष असतं हो, कड दिसत नाही!

ही क्षमता मोजणारा वेगळा तक्ता आहे. पेली-रॉबसन तक्ता, १९८८ चा. त्यावरची सगळी अक्षरं एकाच मापाची, पण खाली जावं तशी फिकट होत जाणारी. मोतीबिंदूच नव्हे, तर काचबिंदू आणि मधुमेहामुळे होणारा पडद्याचा विकार यांतही ही क्षमता घटू शकते. वाचता येतं पण पायऱ्या, चेहरे, रस्त्यावरचे खड्डे नीट कळत नाहीत, अशी तक्रार असेल तर ती डॉक्टरांना याच शब्दांत सांगावी. ‘कमी दिसतं’ एवढंच म्हटलं की पुन्हा तोच काळा-पांढरा तक्ता समोर येतो. आणि ही तक्रार अचानक सुरू झाली असेल, विशेषतः एकाच डोळ्यात, तर तपासणी लांबवू नये.

रंग आणि फरक यांतलं नेमकं कारण कोणतं, हे एका छोट्या प्रयोगात छान दिसलं. बोस्टनच्या संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अल्झायमर बळावलेल्या नऊ रुग्णांना पांढऱ्याऐवजी ठळक लाल ताट-पेले दिले. त्यांच्या पोटात जाणारं अन्न सरासरी २५ टक्क्यांनी आणि पेय ८४ टक्क्यांनी वाढलं. लाल रंगानं भूक वाढते असा निष्कर्ष कुणी काढला असता. पण पुढच्या वर्षी गडद निळ्या भांड्यांनीही तोच परिणाम दिला, तर फिकट लाल आणि फिकट निळी भांडी निरुपयोगी ठरली. नऊ जण म्हणजे फार थोडे, तरीही मुद्दा कळतो. आपल्याकडे पांढऱ्या ताटात दहीभात वाढतो आणि स्टीलच्या पेल्यात पाणी देतो. पाणी कुठवर भरलंय हे त्यात तरण्या डोळ्यांनाही नीट कळत नाही.

यावरचे उपाय गोधडी शिवणारीला आधीच ठाऊक असतात. काळ्या ग्रॅनाइटच्या पायरीच्या कडेला पिवळी किंवा पांढरी पट्टी लावावी, लाल नको. दिवेलागणीला लाल रंग काळसर दिसू लागतो, कारण दंड पेशींना लाल जवळजवळ दिसतच नाही. फिक्या फरशीवर काळंभोर पायपुसणं टाकू नये. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला तो खड्डा वाटू शकतो. पांढऱ्या गोळ्या गडद रंगाच्या वाटीत काढून द्याव्यात. स्वयंपाकघरात पांढरा कांदा गडद पाटावर आणि वांगं फिक्या पाटावर चिरावं.

शिवणाऱ्या हातांसाठीही थोडं. सुईत पांढरा दोरा ओवताना मागे गडद कापड धरावं, काळा ओवताना पांढरा कागद. गडद निळा आणि काळा निवडायचा असेल तर दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी. पिवळ्या दिव्याखाली ते एकच दिसतात. तुकडे जमिनीवर मांडून झाले की डोळे अर्धवट मिटून पाहावं. पापण्यांतून बारीकसारीक तपशील गळून जातो आणि गडद-फिकं तेवढं राहतं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या बायका मात्र पहिले काही दिवस वेगळीच तक्रार करतात: मोतिया म्हणून ठेवलेलं अस्तर पांढरंशुभ्र निघालं आणि काळा समजून लावलेला काठ निळा होता.