विश्लेषण : पोहण्याचे तलाव इंग्रजांनी का बांधले? ते सगळ्यांना का मिळाले नाहीत?

पावसाळा सुरू झाला की भुशी धरणाच्या पायऱ्यांवर आधी गर्दी येते, मग मनाईचे आदेश. मुळात हे धरण पाण्यात उतरण्यासाठी बांधलेलेच नाही. पण ते उभे राहिले त्याच सुमारास इंग्लंडात आणि मुंबईत खास पोहण्यासाठी तलाव बांधले जात होते.

भुशीचे पाणी कुणासाठी होते?

बोरघाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ मध्ये. वाफेच्या इंजिनांना पाणी लागे, म्हणून जीआयपी रेल्वेने त्यानंतरच्या काही वर्षांत भुशी धरण बांधले. पुढे टाटांनी वळवण, शिरोता इथे पाणी अडवले ते विजेसाठी. १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. मावळातली मुले पोहायला शिकली ती विहिरीत आणि नदीत, पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून.

इंग्लंडात तलाव का बांधले गेले?

हौसेसाठी नव्हे, कॉलऱ्यामुळे. १८३२ च्या साथीत लिव्हरपूलमध्ये किटी विल्किन्सन या कष्टकरी बाईने आपल्या घरातला पाणी तापवायचा बंब शेजाऱ्यांना कपडे धुण्यासाठी खुला केला. त्यातून १८४२ मध्ये तिथे सार्वजनिक स्नान-धुलाईघर सुरू झाले आणि १८४६ च्या कायद्याने नगरपालिकांना अशी स्नानगृहे बांधण्याचा अधिकार मिळाला. १८७८ च्या दुरुस्तीने छताखालच्या तलावांचीही सोय झाली. तेव्हा पाणी गाळण्याची यंत्रे नव्हती. ताजे पाणी भरले त्या दिवशी तिकीट महाग, गढूळ होत गेले की स्वस्त. गरिबाच्या वाट्याला कोणते पाणी येई, हे सांगायला नको.

याच तलावांभोवती क्लब जमले. १८६९ मध्ये लंडनच्या क्लबांनी एकत्र येऊन संघटना काढली. १८७५ मध्ये कॅप्टन मॅथ्यू वेब पावणेबावीस तासांत इंग्लिश खाडी पोहून गेला आणि पोहण्याचे वेडच पसरले. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १८९१. त्या वर्षी बुडणाऱ्याला वाचवण्याचे शिक्षण देणारी संस्था लंडनमध्ये स्थापन झाली. पोहता येणे आणि बुडणाऱ्याला वाचवता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिथे लवकर ओळखले गेले.

मुंबईत काय झाले?

१८७० च्या दशकात समुद्राकाठी ब्रीच कँडीचा स्विमिंग बाथ सुरू झाला, तो युरोपियनांसाठी. इथला मोठा तलाव अखंड भारताच्या नकाशाच्या आकाराचा, आणि भारतीयांना मात्र स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे त्यात प्रवेश नव्हता! इंग्लंडात गरिबांच्या आरोग्यासाठी निघालेली कल्पना इथे येताना साहेबांची चैन झाली.

दोष एकट्या साहेबाचा नाही. गिरगाव चौपाटीजवळच्या प्रसिद्ध तलावाच्या नावातच ‘हिंदू’ हा शब्द आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. तरीही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. जिथे पिण्याच्या पाण्यावर ही बंदी, तिथे सगळ्यांनी एका तलावात पोहणे दूरच राहिले.

आज हे का आठवायचे?

३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात चार मुले होती. तिथे पोहता आले असते तरी उपयोग झाला नसता. डोंगरावर पाऊस पडला की ओढ्याचे पाणी काही मिनिटांत चढते आणि त्या लोंढ्यापुढे पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. पण विहीर, तळे, संथ दिसणारी नदी इथे गोष्ट वेगळी. देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक लोक बुडून मरतात. शाळकरी मुलांना पोहणे, पाण्यातली सुरक्षितता आणि सुरक्षित बचाव शिकवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे पोहणे अजून उन्हाळी शिबिराच्या फीमध्येच अडकले आहे.

कुणी बुडताना दिसले तर?

पाठोपाठ उडी मारू नका. अशाने एकाचे दोन होतात. काठावर आडवे होऊन काठी, दोरी किंवा ओढणी पुढे करा. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकला, तर त्याला धरून माणूस तरंगू शकतो. आणि सोबतच्या कुणाला तरी लगेच ११२ क्रमांकावर फोन करायला सांगा.